मुराळ्याची वाट

आईच्या शेवटच्या आजारपणात मी वेळेवर का गेले नाही, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. लेकीची वार्षिक परीक्षा होती आणि नवऱ्याची सेकंड शिफ्ट. दहा-बारा वर्षं मी हेच सांगत आले. खोटं बोलतेय असं एकदाही वाटलं नाही, कारण मला ते तसंच आठवायचं.

माझ्या नाकावर राग. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

तेव्हा आम्ही कुरकुंभला राहायचो. नवरा तिथल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. माहेर शिरूरजवळ, घोडनदीच्या काठी. आजोबांपर्यंत मेंढरांमागं हिंडणारं घर, वडिलांनी एका जागी बसून शेती धरली. आई रीतीभातीला फार कडक. लेकीला माहेरी आणायचं तर मुराळी गेलाच पाहिजे. भावानं नाहीतर भाच्यानं सासरी जाऊन तिला मानानं घेऊन यायचं. आपली आपण पिशवी उचलून आली, की लोक म्हणतात भांडून आली. हे आईचंच बोलणं, लहानपणापासून ऐकलेलं.

आईच्या त्या आजारपणाच्या आदल्या नागपंचमीला भाऊ मला न्यायला आला नव्हता. त्याला कारेगावजवळच्या कंपनीत नुकतं काम लागलं होतं, सुट्टी मिळेना. मला ते कळत होतं. तरी शेजारणी झोके खेळत होत्या आणि मी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, दुपार टळेपर्यंत उंबऱ्यात बसले होते. संध्याकाळी पिशवी रिकामी केली. राग तेवढा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या घरी भावाचा फोन आला.

"अक्का, आईचा एक हात लुळा पडलाय. बोलती अजून. तुझी आठवण काढती. ये."

"न्यायला कोण येणार हाय?"

तो म्हणाला, "तूच ये की गं."

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवला.

कुरकुंभहून दौंड, दौंडहून शिरूरची एसटी. अर्ध्या दिवसाचा पल्लाही नव्हता. मी अकरा दिवस गेले नाही. रोज वाटायचं, आज भाऊ दारात उभा राहील. उभा राहिला तो अकराव्या दिवशी, कामावरच्या कपड्यांतच.

"चल. आईला परत झटका आला. वाचा गेली."

माझा मुराळी आला होता. मी पिशवी उचलून त्याच्यासोबत निघाले.

आईनं मला ओळखलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. चांगल्या हातानं तिनं माझं मनगट धरलं आणि काहीतरी सांगायची धडपड केली. पाणी हवंय का, कूस बदलायचीय का, सगळं विचारून झालं. प्रत्येक वेळी ती मान हलवून नाही म्हणाली. पाचव्या दिवशी ती गेली. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

लेक कॉलेजात गेल्यावरची गोष्ट. आम्ही मायलेकी कुरडया घालत होतो आणि मी पुन्हा तेच, परीक्षेचं, सांगायला लागले. लेकीनं हातातला सोऱ्या खाली ठेवला.

"परीक्षा कुठली गं आई? फोन आला तेव्हा आपण कुरडयाच घालत होतो. मी अंगणात कावळे हाकत बसले होते. पप्पा म्हणालेसुद्धा, जाऊन ये, पोरीकडं मी बघतो. तर तू म्हणालीस, मुराळी आल्याशिवाय मी जायची नाही."

मी तिच्यावर खेकसले. पण खेकसता खेकसताच आठवलं. चुलीवर चीक रटरटत होता आणि फोन ठेवून येईपर्यंत तो खाली लागला होता. तो करपलेला वास अकरा-बारा वर्षं माझ्या डोक्यात कुठं दडून होता कुणास ठाऊक. म्हणजे ठरवलं होतं रागानं. परीक्षा, शिफ्ट ही कारणं मी मागाहून गोळा केली, आणि ती इतकी शहाण्यासारखी होती की माझी मलाच पटली. लाज वाटली. अजून वाटते.

त्याच आठवड्यात मी भावाकडं गेले. एकटीच, पिशवी घेऊन. चहा होईपर्यंतही धीर निघेना.

"तवा मला न्यायला का आला न्हाईस रं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "निघालो होतो की. फोन केला त्याच दिवशी. आईनंच थांबवलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुराळी सणासुदीला. मी आजारी हाय म्हटल्यावर ती कुणाची वाट बघायची न्हाई, माझी लेक हाय ती." मग तो म्हणाला, "रोज खाट दारात टाकायला लावायची. दुपारची दौंडची गाडी येऊन गेल्याबिगर घास घेत नव्हती."