गंगव्वाचा हात

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका जडीबुटीच्या दुकानदाराने गंगव्वाला फसवले. गंगव्वा म्हणजे माझ्या सेक्शनमधल्या लान्स नाईक बसाप्पाची आई. राहणार वैरागजवळच्या वस्तीवर. मी हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झालो आणि सोलापुरात शून्यातून चादरींचा धंदा उभा केला. सौद्यात मी भल्याभल्यांना घाम फोडतो. पण असला सौदा मी कधी केला नाही.

१९७१च्या हिवाळ्यात आमची पलटण पूर्व आघाडीवर होती. लढाईआधी रोजचे काम एकच. खंदक खणायचे, खणलेले आणखी खोल करायचे. फावड्याने आणि काटेरी तारेने हात फाटायचे. नर्सिंग असिस्टंटकडे आयोडीन होते, तरी जवान बसाप्पाकडे जायचे. तो बांधावरचा तीन-चार जातींचा पाला एकदम खुडायचा, म्हणजे त्यातला खरा कोणता ते कुणाला कळू नये. मग आमच्याकडे पाठ करून तळहातावर चोळायचा आणि रस जखमेत पिळायचा. रक्त थांबायचे.

झाडपाला आम्हा खेड्यातल्यांना नवा नव्हता. विंचू चावला की आघाडा, केसांना माका, लघवीला जळजळ झाली की गोखरू. ही नावे कुणीही सांगते. बसाप्पा सांगत नसे.

"नाव सांग," मी म्हणालो. "माझा नवा स्वेटर घे."

"न्हाई जमायचं, उस्ताद."

"स्वेटर आणि माझी रम."

"गळ्यात लिंग हाय माज्या, आन मला रम दावताय व्हय? गिऱ्हाईक बघून तरी भाव लावा की!"

सगळा खंदक हसला. मग त्याने रीत सांगितली. नाव एकालाच द्यायचे, कानात. त्यावर पैसा घ्यायचा नाही. आणि एकदा दिले की देणाऱ्याचा हात रिकामा. त्याने पुन्हा त्या पाल्याला शिवायचे नाही. बसाप्पा फौजेत निघाला तेव्हा गंगव्वाने त्याला नाव दिले. तेव्हापासून दारात कुणी जखम घेऊन आले की ती म्हणायची, "माजा हात फौजेत गेलाय."

लढाई सुरू झाल्यावर एका सकाळी आमची कंपनी कालव्यापलीकडचे गाव घ्यायला निघाली. समोरच्या वीटभट्टीतून एलएमजीचा मारा सुरू झाला. सिग्नलमन निवृत्ती जागीच गेला. बसाप्पाच्या पोटात गोळी लागली. त्याला बांधाच्या आडोशाला ओढून मी वायरलेस सेट घेतला.

"एक कॅज्युअल्टी, सीरियस. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"भट्टी क्लिअर होईपर्यंत स्ट्रेचर नाही. पोझिशन सोडू नका. आऊट."

मी फील्ड ड्रेसिंग दाबून धरले. ते लगेच भिजले.

"पाला आणतो. सगळा बांध खुडून आणतो."

"ह्याला पाला न्हाई पुरायचा, उस्ताद. कान हिकडं करा."

मी वाकलो. त्याने नाव सांगितले. मग म्हणाला, "आईला परत द्या." स्ट्रेचर आले तेव्हा तो गेला होता.

सुट्टी मिळताच मी वैरागला गेलो. गंगव्वाच्या कानात नाव सांगितले. ती म्हणाली, "व्हय. त्योच." दुसऱ्या दिवशी विळ्याने बोट कापलेली एक बाई आली, तेव्हा गंगव्वा उठून बांधावर गेली. मी त्या पाल्याला त्यानंतर हात लावलेला नाही.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा एक गडी जखमी पायाला फडके गुंडाळून तसाच परत फिरताना दिसला. "माजा हात ऱ्हायला न्हाई आता," गंगव्वा त्याला सांगत होती.

"कुणाला दिलंस, मावशी?"

"बसाप्पाच्या सेक्शनातला व्हता म्हनं. अंगावर फौजी कोट. त्येचा पोरगा बॉर्डरवर चाललाय म्हनला. माजं बी पोरगं असंच गेलं की. दिलं मी."

तिने माणसाचे वर्णन केले, सोलापूरहून आला होता म्हणाली. मी जडीबुटीवाल्यांची शुक्रवार पेठ पालथी घातली. दुकानात डब्या रचलेल्या होत्या, वर फौजी टोपीतल्या माणसाचे चित्र.

"तण आहे हो ते, हवालदार," दुकानदार म्हणाला. "तणाला कोण मालक?"

"ताजा रस लागतो त्याला. तू भुकटी विकतोस."

"लोक घेतात."

"वैरागला चल. तिच्या कानात परत दे आणि डब्या बंद कर."

"नाव तुम्हालाही ठाऊक आहे ना? मग तुम्हीच द्या की!"

मी त्याची कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवले.

एक गोष्ट तो खरी बोलला. तणाला मालक नसतो. नाव फुटल्याने गुण जातो की नाही, तेही मला माहीत नाही. डॉक्टर हसतील. पण गंगव्वा हसत नाही. तो पाला तिच्या उंबऱ्याशी उगवतो आणि ती त्याला शिवत नाही. मी तिला तिचा हात परत देऊ शकत नाही, कारण मी माझ्याकडचा एकदा दिलेला आहे. आता तो ज्याच्याकडे आहे, त्यानेच द्यायचा.

त्या सकाळी बांधाआड जे होते, ते सगळे मला नावानिशी ठाऊक आहेत. जगले तेही, आणि बसाप्पा व निवृत्ती हे दोघे परत आले नाहीत तेही. हा माणूस त्यांच्यात नव्हता. मेलेल्या लेकाचा सोबती म्हणवून तो त्याच्या आईसमोर बसला. आता त्याने पुन्हा तिच्या दारात यावे, आणि बसाप्पा पडला तेव्हा आपण कुठे होतो, ते तिच्या तोंडावर सांगावे.