वाटेवरची मावशी

आमच्या कुम्हारीच्या मावशीला विमानं रस्त्यावरून ओळखू यायची. आकाशाकडे ती बघतही नसे. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता भिलाईकडून रायपूरच्या विमानतळाला जाणाऱ्या गाड्यांचा लोंढा पाहून म्हणायची, "दिल्लीवाले निघाले." थोड्या वेळाने, "हे पुन्यावाले. एक पोरगं जाते अन् सोडाले सारं घर निघते." बहुतेकदा ते खरं असायचं. ती स्वतः मात्र कधी विमानात बसली नाही.

मावसाजी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते. नोकरीची सगळी वर्षं प्लांटजवळच्या कॅम्प-१ वस्तीत गेली. सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी प्लांटच्या धुळीने लालसर होऊन घरात यायचं. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी मुद्दाम कुम्हारीला, हायवेला लागून घर बांधलं. का, तर मोकळी हवा. आगीतून निघून फुफाट्यात, दुसरं काय! भिलाईची पोरं शिकून पांगली आणि रायपूरच्या विमानतळाकडे टॅक्सींची रांग लागली. ट्रक होतेच. मावसाजी गेल्यावर त्या धुरात मावशी एकटी उरली. तिच्या दारचा कढीपत्ता दोनदा धुतला तरी पाणी काळंच निघायचं.

घर वाटेवर, त्यामुळे विमानाला जाणारा एकही नातेवाईक तिच्याकडे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. थांबणं म्हणजे पाच मिनिटं. गाडी दारातच चालू ठेवायची, कारण आत लेकरू झोपलेलं आणि एसी बंद झाला तर ते उठणार. मावशी प्रत्येकाच्या हातावर दही ठेवायची, पिशवीत काहीतरी कोंबायची, आणि गाडीचा धूर ओट्यावरून सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. निघताना सगळे तिला तब्येत सांभाळायला सांगत. काळजी करण्यात आमचं घराणं कधी कमी पडलं नाही.

पुढे तिला खोकला जडला, दम लागू लागला. भाजी चिरतानाही मध्येच थांबून ती श्वास गोळा करायची. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, रस्त्यावरचं घर सोडा, नाहीतर हे वाढतच जाणार. मुलाने पुण्याला बोलावलं. माझ्या आईने भिलाईच्या सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरची मागची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली. मावशी हलेना. एकदा बंगलोरला परतताना मी वैतागून विचारलं, इथे बसून मरायचंय का तुला? तिने शांतपणे दह्याची वाटी पुढे केली.

"तुमी मले भेटाले नाई येत, माय. विमान पकडाले येता, अन् रस्त्यात हे घर लागते. येथून हटली तं माह्यापाशी कोन थांबन?"

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडी बंद करायला सांगावं म्हणून मी उठले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे चालू. बंद केली तं तू बसशीन, अन् विमान जाईन तुह्यं."

एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. मी निघाले. ती आमची शेवटची भेट.

हिवाळ्यात ती गेली. मुलगा, सून, भाचे, पुतणे, सगळे विमानाने आले आणि तेरवीपर्यंत राहिले. त्या घरात इतकी माणसं मुक्कामाला मी कधी पाहिली नव्हती. कुणालाच घाई नव्हती. मला सगळ्यांचा राग येत होता, माझासुद्धा.

आता घराला कुलूप आहे. सुट्टी संपवून परतताना कुम्हारीला गाड्या तुंबतात आणि माझी टॅक्सी नेमकी त्या ओट्यासमोर अडकते. काचा बंद असतात, एसी चालू असतो. तरी तिचा खोकला मला अगदी कानाशी ऐकू येतो, आणि त्यामागून ती धाप. ड्रायव्हरला काहीच ऐकू येत नाही. मागच्या खेपेला राहवलं नाही. वाटलं, उतरावं, ओट्यावर थोडं बसावं. मी दार उघडायला हात पुढे केला, तेवढ्यात रस्ता मोकळा झाला.

"मॅडम, रोकूं क्या?" ड्रायव्हरने विचारलं.

मी घड्याळ पाहिलं.

"नहीं," म्हणाले, "चलो."