किराणा मेजरची पंगत

देऊळघाटात मेजर हिंमतरावांना लोक पाठीमागे 'किराणा मेजर' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, माणूस तिखट. उमर फौजेत गेली, पण झाडली एक गोळी नाही. फौजेला पीठ, डाळ, रॉकेल पोचवलं. जिथं खेचरं अडून बसायची त्या बर्फातल्या चौक्यांवर यांच्या रागाच्या धाकानं साखर वेळेवर चढायची म्हणे. सांगणारे त्यांचेच मेहुणे, ते सोडा.

त्याआधीचं ते स्वतः सांगत नाहीत, म्हणून आपणच सांगू. वडील कडूबांचा लग्नाचा बँड होता आणि कोवळ्या मिशीचा हिंमत त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. असा, की बाया घोड्यावरचा नवरदेव सोडून याच्याकडं पाहायच्या! पण बँडवाल्यांनी जेवायचं शेवटच्या पंगतीत, ही रीत. एका लग्नात दिवसभर उन्हात फुंकून झाल्यावर वाढप्यानं पातेल्याचा तळ खरवडून करपलेला भात पुढ्यात टाकला. कडूबा मुकाट्यानं जेवले. बाप जेवला, याचाच पोराला जास्त राग आला. त्यानं क्लॅरिनेट बापाच्या मांडीवर ठेवलं आणि भरतीची वाट धरली. शिपाई म्हणून शिरला, परीक्षा देत देत अफसर झाला. तिथली रीत उलटी: जवान आधी जेवणार, अफसर मागून. ती त्याच्या हाडात भिनली.

यंदा लेकीचं, अर्पिताचं लग्न निघालं. बँड सांगितला रोहिणखेडच्या निजामचा. हा निजाम एकेकाळी कडूबांच्याच बँडात ढोल बडवायचा. वरात आली, अक्षता पडल्या, पत्रावळी मांडल्या, आणि मेजरसाहेबांनी हुकूम सोडला, "पहिले बँडवाले बसतीन."

व्याही नारायणराव, डोणगावचे भुसार व्यापारी, लालबुंद झाले. "आमचे पावणे उभे अन् बाजेवाले पत्रावळीवर? काऊन जी?"

"ते दुपारपासून उन्हात फुंकून राह्यले. तुमचे पावणे काय करून राह्यले? नाचून राह्यले!"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. झालं! नारायणराव तरातरा फाटकाबाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. आता मुलीच्या बापानं हात जोडून त्यांना आणायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता.

मेजरांच्या पत्नी मंजुळाबाई नवऱ्यापुढं रडकुंडीला आल्या. "अवं, पोरीले त्याच घरात नांदाचं हाय. जा ना जी!"

निजामही म्हणाला, "हिंमतभाऊ, आमी मांगून खाऊ. आमाले काही वाटत नाही."

"मले वाटते ना बे! बस खाली!"

मेजर जागचे हलले नाहीत. शेवटी अर्पिताच मुंडावळ्यांसकट उठली, बापाकडं न पाहता त्याच्या अंगावरून गेली आणि गाडीपाशी सासऱ्याच्या पाया पडली. सगळ्या मांडवानं ते पाहिलं. मेजरांनीही पाहिलं.

इकडं बँडवाले बसले होते. माना खाली, घास भराभर, जसं काही चोरून खाऊन राह्यले. उभ्या पाहुण्यांच्या नजरा त्यांच्या पाठीत रुतत होत्या. जिलेबीला कोणी हात लावेना. मेजरांनी वाढप्याच्या हातून वरणाची बादली हिसकली आणि स्वतः वाढायला निघाले.

"सावकाश खा बे! कोणाच्या बापाले भ्याचं कारण नाही!"

ते जितके ओरडले, तितके बँडवाले भराभर गिळू लागले. निजामला ठसका लागला. अर्धी पत्रावळ तशीच टाकून तो उठला, तसे बाकीचेही उठले.

अर्पिता सासऱ्यांना घेऊन फाटकातून आत येत होती. उष्ट्या पत्रावळींपुढं मेजर बादली धरून उभे होते, आणि आता कोणावर ओरडावं हे त्यांना कळत नव्हतं.