खेड ते मिऱ्या: रात्रीची गाडी आणि अर्ध्या तासाची झोप

खेडला लेकीकडे बारसं होतं. परतताना रात्रीच निघायचं, हे माझ्या मुलाने, सुरेशने, घरी बसून ठरवलं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात सायली, सुरेशची लेक, टाइप करते. तिच्याबद्दलचं वाकडंही तिलाच टाइप करावं लागतंय, त्याची मजा वेगळी.

झालं असं की सायलीला मिरजोळ्याच्या कारखान्यात नोकरी मिळत होती, पण सुटी रात्री अकराला. सुरेश म्हणाला, रात्री एकटी गाडी चालवणार असशील तर आधी चालवून दाखव. मिरजोळ्याहून आमचं मिऱ्याचं घर जेमतेम अर्धा तास. परीक्षा मात्र खेडहून. अटी दोन: बारापर्यंत घरी, आणि वाटेत थांबायचं नाही. देखरेखीला मी.

साडेआठला जेवून निघालो. जाणाऱ्यांनी पेट्रोल खेडलाच भरावं आणि बायकांनी तिथेच काय ते उरकून घ्यावं. पुढे उजेडाची जागा कधी मिळेल, नेम नाही.

रात्रीच्या गाडीचं सुख म्हणजे ऊन नाही, दुचाक्यांची झुंबड नाही. वळणापलीकडून कुणी येत असेल तर आधी झाडांवर त्याचा उजेड पडतो. दिवसा एवढी वर्दी कोण देतो? आणि काळोखात पाट्या कुणालाच धड वाचता येत नाहीत, तेव्हा माझी नि शिकलेल्यांची बरोबरी.

परशुराम घाट उतरेपर्यंत सगळं गोड होतं. चिपळूण सुटलं आणि समोरचे लोक डोळ्यांत दिवे खुपसू लागले. अशा वेळी त्यांच्याकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघायचं, असं सायली म्हणते. मी शिव्या दिल्या. त्याचाही उपयोग होतो. चालवणारी हसते, डोळे उघडे राहतात. रस्त्याचं काम चालू होतं तिथे वाट मध्येच डावीकडे वळवलेली, आणि वळल्यावर उबदार डांबरावर दोन गाई रवंथ करत बसलेल्या. हॉर्न वाजवला तर आमच्याकडेच रागाने बघितलं.

संगमेश्वर मागे पडलं आणि सायलीने मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. मग गाडी सरळ एका पेट्रोलपंपाच्या उजेडात नेऊन उभी केली.

"आजी, झोप येतेय मला."

"आता? बाप बारा म्हणालाय."

"बाराला पोचेन गो. कुठे पोचेन ते सांगता येत नाही."

तिच्या आजोबांच्या होडीत झोप आली की सुकाणू दुसऱ्याच्या हाती देत. माझ्या हाती देऊन काय उपयोग? तिने काच बोटभर उघडी ठेवली, सीट मागे पाडली आणि झोपली. मी राखणीला.

पाच मिनिटांत फोन वाजला. पडद्यावर सुरेशचा लग्नातला फोटो, त्यामुळे बोलण्याआधीच चिडलेला दिसत होता.

"आये, कुठे पोचलात?"

पुढचं हातखंबा आलं, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "उभ्या आहोत. पोरगी झोपलीय."

"झोपलीय? मग तू काय करतेस?"

"तुझ्याशी बोलते. हळू बोल, जागी होईल."

त्याने फोनच ठेवला. मला वाटलं, गेली नोकरी, आणि घालवली मीच.

अर्ध्या तासाने सायली उठली. बाजूच्या टपरीवर पंधरा रुपयांचा आल्याचा चहा घेतला, चांगला होता. फोनचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "एक काम होतं तुला, आजी. थाप मारायचं." आणि गाडी चालू केली.

घरी एक वाजला. सुरेश बनियनवर पायरीवर बसलेला. बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरला. ओरखडा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"बारा म्हटलं होतं."

"हो."

"थांबायला आजीने सांगितलं?"

"नाही. मला झोप आली, मी थांबले."

त्याने बॅटरी विझवली. "सोमवारपासून जा. गाडी ने." आणि आत गेला. म्हातारी कशी आली, ते विचारलंसुद्धा नाही.

आता ती रोज अकराला सुटते. साडेअकरापर्यंत येते, कधी बारा होतात. मग सुरेश माझ्या खाटेशी येऊन विचारतो, "आये, थांबली असेल ना कुठे?" थांबली असेल, म्हणते मी. आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन बसतो.