मोडक्या मागाचा टेकू

त्या सोमवारी मी देवाशी भांडले. उगीच गोड शब्दांत कशाला सांगू, चांगली कडाकडा भांडले. सोळा सोमवार झाले, उद्यापन झालं, आणि यांचा दम मात्र दिवसेंदिवस वाढतच चालला होता. सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या देवळात पिंडीसमोर हात जोडून उभी राहिले खरी, पण तोंडात स्तोत्र नव्हतं. मनातल्या मनात म्हणाले, बरं करायचं न्हाय तर नको करू, पण त्या माणसाला एक झोप तरी देशील का न्हाय? एवढंबी जमत नसंल तर पुढच्या सोमवारपासनं मी तुझी पायरी चढायची न्हाय. असं म्हणून प्रसादही न घेता फिरले. वाटेत भीती वाटली, आपण कोण आणि बोललो कुणाला. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, म्हणून माघारी वळले नाही.

आमचे हे शिंपी. नवी पेठेत एका कापडवाल्याच्या ओट्यावर मशीन मांडून बसायचे. माणूस मिश्कील. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेताना म्हणायचे, मालक, दिवाळीपर्यंत पुरंल एवढं ढिलं ठेवतो. अशा माणसाला खोकला लागला आणि तो जाईना. पुढं थुंकीत रक्त दिसायला लागलं, अंग झडलं. लोकांनी क्षय ठरवून टाकला. नळावर माझी घागर आली की बायका आपापल्या घागरी लांब सरकवायच्या. शेवटी माझ्या भावानं धीर देऊन यांना पुण्याला नेलं, छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा क्षय नव्हे. फुफ्फुसात गाठ आहे, कर्करोगाची, आणि तिच्यावर आमच्याकडे औषध नाही. मी पदर तोंडात कोंबून रडले. यांना मी काही सांगायच्या आधीच ते परतीच्या गाडीत म्हणाले, "क्षय न्हाय ना? मग नळावरच्या बायकांना तेवढं सांगून टाक." त्यांना सगळं कळलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

दुखण्यापेक्षाही वाईट होतं ते आडवं न होता येणं. जरा पाठ टेकली की श्वास कोंडायचा, डोळे मोठे व्हायचे, हात हवेत काहीतरी धरायला बघायचे. उशा रचल्या, वाकळांची गुंडाळी केली, तांदळाचं पोतंसुद्धा लावून पाहिलं. सगळं हळूहळू सरकायचं आणि त्याबरोबर हेही. मग मी एक युक्ती काढली. त्यांच्या पाठीला माझी पाठ लावून बसायचं. मी पाय रोवून बसले की ते माझ्यावर रेलायचे, तेवढ्यात त्यांना घटकाभर डुलकी लागायची. पण मला डुलकी लागली की दोघंही कलंडायचो. असा महिना गेला. स्वयंपाक, धुणं आणि ही बैठक. माझी कंबर मोडून आली होती, तरी कुणाला हात लावू देत नव्हते. जाऊ म्हणाली, मी बसते थोडी, तर मी तिच्यावरच खेकसले. मला वाटायचं, हा माणूस माझ्या पाठीवर जगतोय. पाठ काढली की संपलं. त्यात माझं प्रेम होतं, खोटं कशाला बोलू, पण अहंकारही होता.

तर त्या सोमवारी देवळातून येऊन भाकऱ्या उरकल्या आणि जरा टेकते तोच दारात एक बाई येऊन उभी राहिली. पूर्वेकडच्या पेठेतल्या विणकरांपैकी तेलुगू बाई, पन्नाशीची, कपाळ मोकळं. डोक्यावर लाकडाची एक चौकट होती, तिच्यात खाटेला असते तशी सुती नवार विणलेली आणि मागं शिडीसारखा एक पाय. खाली ठेवून ती मोडक्या मराठीत सांगू लागली. तिचं नाव नरसम्मा. सूत पोचवायला ती आमच्या बोळातून जायची, तेव्हा खिडकीतून खोकला ऐकायची. तिच्या मालकालाही असाच खोकला होता. त्यानं मोडक्या मागाच्या लाकडाचा हा टेकू स्वतःच्या हातानं केला. मागच्या पायाला खाचा आहेत, पाहिजे तेवढा कलता करायचा, माणूस बसल्या बसल्या झोपतो. आता तुमच्या मालकाला घ्या.

तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघत मी विचारलं, "तुझा मालक कुठाय?"

ती म्हणाली, "गेला की, अक्का. दोन वर्षं झाली."

विधवा बाई, मेल्या माणसाचं लाकूड, आणि माझ्या उंबऱ्यात, सोमवारच्या दिवशी! मी बोलू नये ते बोलले. "माझं कुंकू अजून शाबूत हाय. मेल्याची वस्तू माझ्या दारात आणू नको. माझी पाठ हाय त्यांना." तिनं चौकट उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. जाताना तिनं एकदा खिडकीकडं बघितलं, एवढं मला आठवतं.

आत आले तर हे भिंतीला धरून बसलेले. सगळं ऐकलं होतं. सकाळी देवाशी भांडून आल्याचंही मीच त्यांना फुशारकीनं सांगितलं होतं. आता त्यांनी दम खात खात विचारलं, "सकाळी देवापाशी काय मागितलंस?"

"तुमची झोप."

"मग दारात आलेली झोप हाकललीस व्हय गं?"

रागानं नव्हे, थट्टेनंच म्हणाले. पण मी तशीच अनवाणी बाहेर पडले. वैशाखाचं ऊन, फुफाटा तापलेला. तिचं घर कुठलं, काही ठाऊक नाही. नुसतं नरसम्मा एवढं नाव घेऊन विणकरांच्या गल्ल्यांत कुणाला विचारणार, तिथं तर दारोदारी नरसम्मा. मनात म्हणाले, देवा, चुकले, आता तूच वाट दाखव. आणि बोळाच्या तोंडाशी पोचले तर लिंबाच्या पारावर ती बसलेली, चौकट शेजारी उभी करून. हातात पदराचं टोक, वारा घेत होती.

मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली, पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात. मधे हा टेकू एका टांगेवाल्याच्या घरी होता, त्याच्या बायकोनं तर दगड उचलला होता. मी तिच्या पायाशी बसून रडले. रडता रडता विचारलं, इतके दिवस खोकला ऐकत होतीस, मग आजच कशी आलीस? ती जे बोलली ते मी आजवर विसरले नाही. "आज सकाळी चुलीला लाकडं नव्हती, अक्का. हेच फोडायला काढलं. कोयता उचलला आणि तुमचा खोकला आठवला. हात खालीच येईना." मी वेळ विचारली. मी देवळात होते तीच वेळ. यात काय होतं, काय नव्हतं, ते मी कुणाला पटवत बसत नाही. मला तेव्हा कळलं ते इतकंच, की मी ज्याला पायरी चढणार नाही म्हणून धमकावून आले, तो माझ्याआधी माझ्या बोळात पोचला होता.

चौकट आम्ही दोघींनी धरून आणली. नरसम्मानं खाच लावून दिली, तिसरी. पहिलीला मान पडते, दुसरीला दम लागतो, तिसरीला झोप येते, हे तिच्या मालकानं शोधून ठेवलेलं. बाजूला चामड्याचा एक पट्टा होता, धरून उठायला. तो टांगेवाल्यानं आपल्या घोड्याच्या जुन्या सामानातून काढून ठोकलेला. ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्या दोन माणसांनी यांना असं धरलं. यांनी पाठ टेकली, नवारीवरून हात फिरवला, म्हणाले, "वीण झकास हाय बुवा." आणि बोलता बोलता डोळे मिटले. भर दुपारी, शेजारच्या मागांचा खडखडाट चालू असताना, हे झोपले. मी पाठ लावायला सवयीनं मागं गेले आणि तिथं मला जागाच नव्हती. म्हणून समोर येऊन बसले.

आणि तेव्हा ध्यानात आलं, पाठीला पाठ लावून बसल्यामुळं महिनाभर मी यांचं तोंड धड पाहिलंच नव्हतं. गाल बसले होते, मिशीत पांढरं आलं होतं. झोपेत ओठाच्या कोपऱ्यात तेच जुनं हसू होतं. मी चार तास बघत बसले. नरसम्मा चूल पेटवून भात टाकून गेली, मला पत्ता नाही.

त्यानंतर हे अडीच महिने होते. गाठ काही विरघळली नाही, आणि मीही मग ते मागितलं नाही. पुढच्या सोमवारी देवळात जाऊन नुसती बसून आले. नरसम्मा रोज दुपारी यायची, यांना तिच्या मालकाच्या गमती सांगायची. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नसे, तरी हसायचे. मी जावेलाही बोलावलं, तीही बसू लागली. एक दिवस यांनी टेप मागितला आणि त्या टेकूचं माप घेतलं. चार दिवस खपून खादीची खोळ शिवली, डाव्या अंगाला रुमाल ठेवायला खिसा. मी म्हटलं, कशाला दमता? तर म्हणाले, "माझ्यामागनं जो बसंल त्याला रुमाल शोधत बसायला नको."

ते गेले तेही तिसऱ्या खाचेवरच, माझ्या डोळ्यांसमोर, माझा हात हातात असताना. मी पाठ लावून बसले असते तर मला शेवटचं ते हसू दिसलं नसतं. याचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू?

वर्षभरानं नरसम्मानंच सांगितलं, मिलच्या चाळीत असाच खोकणारा एक माणूस आहे. मी खोळ धुतली, चौकट डोक्यावर घेतली आणि गेले. दारात त्याची पोरसवदा सून होती, डोळे जागून लाल. माझं मोकळं कपाळ बघून तिचा चेहरा बदलला. म्हणाली, मेल्याची वस्तू आमच्या उंबऱ्यात नको. मला हसूच आलं. देवा, शब्दसुद्धा तेच की रे! मी तिथंच पायरीवर बसले. घाई नव्हती. आतला खोकला मला ओळखीचा होता.

ऊन उतरायच्या आत दार उघडलं. ती खाली मान घालून उभी राहिली. मी चौकट तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तिसऱ्या खाचेला लाव, बाई. आणि तू त्यांच्या समोर बस."