सातशे ग्रॅमचा कॅमेरा

फोटोमावशीला कुठल्याही वस्तूच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. घरातला मिक्सर घरघरायला लागला की दुरुस्तीवाल्याला फोन जायच्या आधी त्याचे स्क्रू ताटलीत पडलेले असतात. नवीन कुलूप आणलं तर बाई दहा मिनिटं त्याच्या भोकात बघत बसते. अशा चौकस बाईने सव्वीस वर्षं एकाच कंपनीचे कॅमेरे वापरले, हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. पण झालं तसंच. पहिला कॅमेरा नवऱ्याने घेतला, त्याला साजेशा लेन्स आल्या, मग लेन्स आहेत म्हणून पुढचा कॅमेराही त्याच कंपनीचा. असं करत करत कपाटात आठ लेन्स जमल्या, त्या दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाहीत, आणि दुसरीकडे बघायची सोयच उरली नाही.

तिचं काम शाळांमधले वर्गाचे फोटो काढायचं. नवरा, म्हणजे तिला फोटोमावशी म्हणणाऱ्या या शाळकरी मुलांचे काका, बाकं मांडणार, मुलांना उंचीप्रमाणे उभं करणार, आणि आपल्या फोटोच्या दुकानात आल्यावर फोटो छापून, कापून, पाकिटात भरणार. मावशी कॅमेरा कधी स्टँडवर लावायची नाही. स्टँड दिसला की मुलं दगड होतात, असं तिचं म्हणणं. ती कॅमेरा खाली धरून गप्पा मारत उभी राहायची, मध्येच विचारायची, "तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त जांभया कोण देतं?" मुलं एकमेकांकडे बोटं दाखवून हसायला लागली की झटक्यात कॅमेरा डोळ्याला, आणि काम फत्ते. दिवसातून दोन-तीनशे वेळा वर, दोन-तीनशे वेळा खाली.

मनगट शेवटी लोखंडाचं थोडंच असतं? गेल्या वर्षी उजव्या हातात कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती, हिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, जपून. जपून म्हणजे किती ग्रॅम? त्या बिचाऱ्याला असा पेशंट कधी भेटला नसावा. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, सातशे ग्रॅम धरा. घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला कॅमेरा लेन्ससकट ठेवला. एक किलो आठशे साठ.

काकांनी तो आकडा पाहिला आणि त्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला. मावशीने आता दुकानात काउंटरवर बसायचं. शाळांची कामं करायला पलीकडच्या रस्त्यावरचा लग्नांचे फोटो काढणारा तयार आहे, त्याच्याशी बोलणंही झालंय. मावशी काटा पुसता पुसता मनात म्हणाली, म्हणजे आपण संपलो असं या माणसाला वाटतंय तर. फोटो बरे येत नसतील आताशा, तोंडावर सांगायचं टाळतोय.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत स्वयंपाकघरातला काटा घालून कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानदाराने माहितीपत्रक पुढे केलं, त्यावर वजन छापलेलं होतं. मावशीने विचारलं, हे बॅटरी धरून का? कार्ड धरून? आणि लेन्स कोण धरणार, तुम्ही? मग काट्यावर एकेक कॅमेरा चढायला लागला. तिच्या नेहमीच्या कंपनीचा सगळ्यात हलका कॅमेरा तिला लागते तशा लेन्ससकट नऊशेच्या पुढे गेला. ती चार वेळा त्या दुकानात गेली. चौथ्या खेपेला ती दारात दिसताच दुकानदाराने आपण होऊन काउंटरवरची रद्दी उचलून काट्यासाठी जागा केली. त्या दिवशी त्याने एक वेगळ्याच कंपनीचा कॅमेरा काढला, वर एक छोटी झूम लेन्स चढवली. सहाशे ऐंशी. मावशीने काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. सहाशे ऐंशीच.

तिने तो हातात घेतला आणि लेन्स काढायला गेली तर निघेना. नेहमीच्या सवयीने पिळत होती आणि ती आणखी घट्ट बसत होती. या कंपनीची लेन्स उलट्या बाजूला फिरते, दुकानदार म्हणाला. झूमची रिंगही उलटी. मावशीचे डोळे चमकले. का बरं उलटी? कुणी ठरवलं असेल? दोन्ही कारखान्यांतली माणसं आपापल्या टेबलाशी बसून हेच बरोबर म्हणाली असतील की नाही? दुकानदाराला यातलं काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

कॅमेरा घरी आला तेव्हा काकांचा पारा चढला. एका घरात दोन चुली कशाला? आणि या आठ लेन्सचं काय लोणचं घालायचं? मावशीने शांतपणे सांगितलं की जुना कॅमेरा कुठे जात नाही, दुकानातल्या ओळखपत्राच्या फोटोंना तो स्टँडवर राहील. हा दुसरा, शाळांसाठी. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ठरलं ते असं: एक शाळा, एक दिवस. फोटो बिघडले तर मावशी काउंटरवर.

मग आठवडाभर तिने स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर हात बसवला. रिंग फिरवून साखरेची बरणी जवळ आणायला जायची आणि बरणी लांब पळायची. चौथ्या दिवशी हाताला नवी दिशा उमगली, सहाव्या दिवशी ती डोळे मिटूनही चुकेना. या कंपनीच्या फोटोत सावल्या जरा निळसर येतात, हेही तिने हुडकून काढलं आणि दोन दिवस त्याच आनंदात होती.

शाळेत सात वर्ग होते. काका नेहमीप्रमाणे ओळीच्या उजव्या टोकाला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, "आत सरा, आत सरा" करत उभे. खांद्याला जुना कॅमेरा चार्ज करून लटकवलेला. न जाणो, लागलाच तर. पाच वर्ग सुरळीत पार पडले. सहाव्या वर्गाला मावशीने जांभयांचा प्रश्न विचारला आणि बेचाळीस मुलांनी एकमुखाने वर्गशिक्षिकेकडे बोट दाखवलं. शिक्षिकेसकट सगळे खो खो हसायला लागले. असं हसू वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. मावशीने कॅमेरा उचलला, आणि घाईत सव्वीस वर्षांची सवय आठवड्याच्या सरावावर मात करून गेली. रिंग उलटी फिरली, अख्खा वर्ग लांब जाऊन एवढासा झाला, आणि बोटाने तोवर बटण दाबलेलं होतं. तिने जीभ चावली, रिंग सरळ केली आणि उरलेल्या हसण्यावर आणखी चार फोटो काढले.

दुपारी दुकानात कॉम्प्युटरवर फोटो उघडले. काकांनी चष्मा पुसून एकेक मूल मोठं करून पाहिलं. कुणाचे डोळे मिटलेले नव्हते, कुणी धूसर नव्हतं. तासभर शोधूनही बोट ठेवायला जागा सापडली नाही. मावशी वाट बघत होती. काका उठले आणि म्हणाले, चांगले आलेत, पण तो लग्नवाला उद्या सकाळी येणार आहे, त्याला मी हो म्हणून बसलोय.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक दाखवा, ती म्हणाली. चूक आहे असं मी म्हणालो का, म्हणत काका आत ओळखपत्राचे फोटो कापायला निघून गेले. ही काय बोलायची रीत झाली? शब्द पाळायचा नव्हता तर अट घातली कशाला?

रागारागाने तिने तो चुकलेला फोटो पुसून टाकायला घेतला, आणि पुसायच्या आधी, स्वभावच तसा म्हणून, एकदा मोठा करून पाहिला. मध्ये छोटा छोटा वर्ग हसत होता. मागे पाण्याचे नळ, भिंतीला टेकवलेली सायकल. आणि उजवीकडे, एरवी ती नेहमी फ्रेमबाहेर ठेवायची त्या जागी, काका. एक हात शेवटच्या मुलाच्या खांद्यावर. दुसरा पुढे पसरलेला, तळवा वर, पडणारी वस्तू झेलायला करतो तसा. मुलं हसत होती त्याचा काकांना पत्ताच नव्हता. ते सरळ तिच्या मनगटाकडे बघत होते आणि चेहरा भीतीने पांढरा पडलेला होता. तिथून ती पंधरा पावलं लांब होती. कॅमेरा खरंच पडला असता तरी त्यांच्या हाताला लागला नसता.

सव्वीस वर्षांत या जागेवरचा त्यांचा हा पहिलाच फोटो.

"अहो, जरा इकडे या."

काका आले. त्यांना आधी स्वतःचं पोट दिसलं, त्यावर ते काहीतरी पुटपुटले. मग त्यांना तो हात दिसला आणि ते चष्मा काढून पुसायला लागले.

"दर वेळी असा हात पुढे करता?" तिने विचारलं.

"गेलं वर्षभर. तू कॅमेरा उचललास की माझ्या छातीत धडधडतं. मुलांकडे बघणं तर मी कधीच सोडलंय."

"मग बोलायचं नाही का?"

"बोललो की. काउंटरवर बस म्हणालो."

मावशीला हसावं की रडावं कळेना. "मला वाटलं, माझे फोटो तुम्हाला आवडेनासे झाले."

असलं काही कुणाला वाटू शकतं हे काकांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, मनगट हळूच इकडून तिकडे वळवून पाहिलं आणि विचारलं, आज कळ आली का.

"सात वर्ग झाले. एकदाही नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच नाही? खरंच नाही, ती म्हणाली. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि लग्नवाल्याला लावला. तो पलीकडून बरंच काही विचारत असावा, कारण काका नुसते हं हं करत होते.

"नाही, उद्या येऊ नकोस," ते शेवटी म्हणाले. "आमच्याकडे फोटोग्राफर आहे."