पुरानंतरचा टँकर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या, पण ही जशीच्या तशी आठवते. अशोका गार्डनमागच्या वस्तीत नाल्याचं पाणी शिरलं होतं. मी तेव्हा तिथला ठाणे प्रभारी, म्हणजे पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. पूर ओसरला आणि लोक उलट्या-जुलाबांनी आडवे पडू लागले. जवळच्या मराठी मंडळाने सभागृहात सतरंज्या टाकल्या, डॉक्टर बोलावले, सलाइन लावायला सुरुवात केली.

एका सकाळी तिथल्या मावशी, निवृत्त परिचारिका, धापा टाकत ठाण्यात आल्या.

"साहेब, आजारी पडलेली सगळी घरं एकाच खाजगी टँकरचं पाणी पितात. मी प्रत्येकाला विचारलंय. पण ही गोष्ट बाहेर फुटली. लोकांनी ड्रायव्हरला धरलंय, विष कालवलं म्हणतायत. मारून टाकतील त्याला!"

आम्ही पोचलो तेव्हा त्याचा शर्ट फाटला होता. जमावातून ओढून काढून त्याला ठाण्यात आणलं. विषाची गोष्ट मला पटत नव्हती. विष कालवणारा दुसऱ्या दिवशी तोच टँकर घेऊन येत नाही. पण तो एकच वाक्य धरून बसला, "बोरिंग का पानी है साहब, रोज का." दरडावून उपयोग नव्हता. घाबरलेला माणूस दरडावल्यावर आणखी घट्ट तोंड मिटतो. मला धास्ती वेगळीच होती. हे पाणी आणखी कुठे गेलं?

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे त्याची बायको रडत होती. मुलगी उलट्या करून निपचित पडली होती.

"घर में भी वही पानी दिया?" मी विचारलं.

त्याने मान हलवली आणि सगळं सांगून टाकलं. बोअरची मोटर पुरात बुडाली होती, म्हणून त्याने एका पडक्या विहिरीतून टँकर भरले होते. "साफ दिखता था, साहब." त्याच सकाळी नेहरू नगरकडच्या एका वस्तीतही त्याने टँकर रिकामा केला होता.

मावशींनी मंडळाची गाडी त्याच्या घरी पिटाळली. आम्ही जीपवर भोंगा लावून त्या दुसऱ्या वस्तीत शिरलो, तर लोकांनी धडाधड दारं लावून घेतली. त्यांना वाटलं, झोपड्या हटवायला आलोत. माझा जीव टांगणीला लागला. आत कोण काय पीत असेल? शेवटी मशिदीच्या कमिटीच्या सदरांना, म्हणजे अध्यक्षांना गाठलं. त्यांनी लाउडस्पीकरवरून सांगितलं, वस्तीतल्याच महिला मंडळाच्या बायका दारोदार फिरल्या, आणि भरलेले हंडे रस्त्यावर उपडे होऊ लागले.

त्या वस्तीत कुणी दगावलं नाही. ड्रायव्हरची मुलगीही वाचली. पहिल्या वस्तीतले एक आजोबा मात्र गेले, आणि निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवताना ड्रायव्हरने मान वर केली नाही.

पुढे कुठल्याही ठाण्यात रुजू झालो की आधी तिथली मंडळं, कमिट्या यांच्या माणसांना भेटून यायचो. आम्हाला बघून दार लावणारे लोक कुणाच्या हाकेला दार उघडतात, हे संकट येण्याआधी माहीत असावं लागतं.